यजमानाविना आतिथ्य : जपानमधील अल्पमोली निवासांचे एक परीक्षण

एखाद्या देशाचे आतिथ्य पारखावयाचे असेल तर त्याच्या उंची हॉटेलांत उतरू नये. तेथील गालिचे, झुंबरे आणि कमरेत लवून केलेले नमस्कार पैशाचे असतात, देशाचे नसतात; आणि पैशाची भाषा मुंबईत, पॅरिसमध्ये व टोकियोत एकच असते. देशाची खरी भेट होते ती स्वस्त निवासांत. ज्याच्या गाठीस बेताचेच पैसे आहेत, ज्याला एका रात्रीपुरती पाठ टेकावयाची आहे आणि ज्याच्यापासून पुढे काही लाभ होण्याचा संभव नाही, अशा वाटसरूला समाज काय देतो, काय राखून ठेवतो आणि देण्यापूर्वी काय विचारतो, या तीन प्रश्नांत त्या समाजाची बरीचशी परीक्षा होऊन जाते.

टोकियोपासून शिकोकू बेटापर्यंतच्या प्रवासात प्रस्तुत लेखकाने अल्पमोली निवासच पत्करले. निम्मे हौसेने, निम्मे नाइलाजाने. सोयी-गैरसोयींची यादी देण्याचा येथे हेतू नाही. ती कामगिरी प्रवासी मार्गदर्शिका करीतच असतात. एखादी इमारत, एखादे चित्र किंवा एखादा ग्रंथ आपण जसा रचना म्हणून तपासतो, तसे या निवासांकडे पाहावे, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न त्यांस विचारावे, एवढाच या लेखाचा मर्यादित उद्देश आहे.

जपानी स्वस्त निवासाची कुळी जुनी आहे. आजचे टोकियो म्हणजे पूर्वीचे एदो. एदोहून क्योतोस जाणारा तोकाइदो हा सुमारे पाचशे किलोमीटरांचा राजमार्ग. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा राजवटीने त्याची शिस्तबद्ध व्यवस्था लावली आणि त्यावर त्रेपन्न टप्पे सिद्ध झाले. टप्प्याच्या गावी सरदारांकरिता ‘होन्जिन’ असे, आणि सामान्य प्रवाशाकरिता ‘हातागो’, म्हणजे रात्रीचे व सकाळचे जेवण देणारी खाणावळवजा सराय. तिच्याही खाली ‘किचिन-यादो’ असे. ‘किचिन’ म्हणजे सरपणाचे मोल. तांदूळ प्रवाशाने बरोबर आणावयाचे, भात त्यानेच शिजवावयाचा, आणि मालकास द्यावयाचे ते केवळ लाकडांचे पैसे. शिधा बरोबर बांधून धर्मशाळेच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडणाऱ्या आपल्या यात्रेकरूस ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही.

या सरायांचे सर्वांत बोलके चित्रण उतागावा हिरोशिगे याने १८३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या तोकाइदोच्या चित्रमालिकेत सापडते. तिच्यातील गोयू व आकासाका ही लागोपाठची दोन चित्रे एकत्र पाहावी. या दोन टप्प्यांमधील अंतर जेमतेम पावणेदोन किलोमीटर, म्हणजे साऱ्या मार्गावरील सर्वांत कमी. तेव्हा गिऱ्हाइकासाठी त्यांच्यात ओढाताण होणे क्रमप्राप्तच होते. गोयूच्या चित्रात ती ओढाताण अक्षरशः दिसते. तिन्हीसांजेच्या रस्त्यावर सरायीच्या दांडग्या बायकांनी वाटसरूंना गाठले आहे. एकीने एका बापड्याच्या गळ्याशी बांधलेले गाठोडेच असे खेचले आहे की त्याचा जीव कासावीस व्हावा. आत मात्र एक प्रवासी उंबऱ्यावर टेकला असून त्याचे पाय धुण्यासाठी एक म्हातारी पाण्याचे घंगाळ घेऊन आली आहे. पुढील चित्रात आपण आकासाकाच्या सरायीच्या अंतरंगातच शिरतो. मध्ये अंगणातील सायकसचे झाड. एका बाजूस नुकताच न्हाऊन आलेला पाहुणा, ताटे घेऊन येणारी दासी, अंग रगडून देणारा. दुसऱ्या बाजूस रचून ठेवलेल्या गाद्या आणि आरशापुढे नटणाऱ्या स्त्रिया. त्या कशासाठी नटत आहेत हे जाणत्यास सांगावयास नको.

हिरोशिगेने येथे काही झाकलेले नाही आणि कशाचा धिक्कारही केलेला नाही. पाय धुणारी म्हातारी आणि गळा आवळणारी तरुणी एकाच घराच्या आहेत, एवढेच तो दाखवितो. जुन्या आतिथ्यात ऊब होती, तशीच बळजोरीही होती. ही बळजोरी सहन न होऊन १८०४ साली ओसाकात ‘नानिवा-को’ नावाचा संघ निघाला. सचोटीने वागणाऱ्या सरायांची यादी करावी, त्यांच्या दारी संघाची पाटी लावावी, आणि एकट्या वाटसरूनेही निर्धास्तपणे पाटी पाहून आत शिरावे, अशी ही योजना होती. या पाटीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मालकाच्या चेहऱ्यावरील विश्वास तिने पाटीवर नेऊन ठेवला. आजचे सारे जपानी स्वस्त निवास त्या पाटीचे वंशज होत.

यांतील पहिला वंशज म्हणजे ‘बिझनेस हॉटेल’. रेल्वे स्थानकासमोर आठ-दहा मजली साधी इमारत, आणि तीत बारा-तेरा चौरस मीटरांची एकेक खोली. दारातून आत पाऊल टाकताच एका हाताला न्हाणीघर, पुढे पलंग, त्याला चिकटून भिंतीलगतचे मेज, शेवटी खिडकी. पेटी उघडून ठेवली की चालावयास जागा उरत नाही. परंतु या लहानशा खोलीत चहाची किटली व हिरव्या चहाच्या पुड्या आहेत, सपाता आहेत, घडी घातलेला रात्रीचा पोशाख आहे, दात घासण्याचा ब्रश आहे, आणि या साऱ्या वस्तू जेथे असावयास हव्यात तेथेच आहेत. गादीची चादर ताणून बसविलेली. कोठे केस नाही, डाग नाही. खाली कपडे धुण्याचे यंत्र, सकाळी पुष्कळ ठिकाणी भाताच्या मुटक्यांची व मिसोच्या कढणाची न्याहारी. ठरलेल्या दरात हे सारे येते आणि त्याहून अधिक कोणी मागत नाही. बक्षिशीची तर पद्धतच नाही.

या खोलीतील सर्वांत कौतुकाची वस्तू म्हणजे तिचे न्हाणीघर. जमीन, भिंती, छत, टब, कुंडी, सारे जणू एकाच साच्यातून काढलेले. त्याची जन्मकथा उद्बोधक आहे. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी टोकियोत न्यू ओतानी हे एक हजारांहून अधिक खोल्यांचे भव्य हॉटेल उभारावयाचे होते आणि हाताशी वेळ थोडा होता. प्रत्येक न्हाणीघरात गिलावा करून फरश्या बसवावयाच्या आणि त्या वाळण्याची वाट पाहावयाची, तर मुदत टळून गेली असती. म्हणून कारखान्यातच न्हाणीघर तयार करून ते इमारतीत नेऊन जोडण्याची युक्ती निघाली. श्रीमंतांच्या घाईतून जन्मलेली ही वस्तू पुढे गरिबांच्या सोयीची झाली. तिच्यामुळेच अल्प दरात प्रत्येकास स्वतंत्र न्हाणीघर देता आले. इतिहासात चैनीच्या वस्तू अशा खाली उतरतात तेव्हा बहुधा निकृष्ट होऊन उतरतात. येथे तसे झाले नाही, हे श्रेय जपानी कारागिरीस दिलेच पाहिजे.

लहानपणा व कंजूषपणा यांत फरक आहे, आणि हा फरक ही खोली उत्तम प्रकारे समजावून देते. कंजूष घर मोठे असल्याचा आव आणून पाहुण्यास फाटकी चादर देते. ही खोली आपण लहान आहोत हे उघड सांगते, आणि जे देऊ केले ते पुरतेपणी देते. ‘काय दिले?’ या पहिल्या प्रश्नास जपानचे स्वस्त हॉटेल असे निःशंक उत्तर देते, की त्यापुढे आपल्याकडील पुष्कळ महागड्या हॉटेलांनी मान खाली घालावी.

आता दुसरा प्रश्न, काय राखले? मेजाचा खण उघडून पाहिला असता त्यात पुष्कळदा दोन पुस्तके सापडतात, एक बायबल आणि दुसरे बुद्धाच्या शिकवणीचे. दुसरे पुस्तक १९६५ साली स्थापन झालेल्या ‘बुक्क्यो देन्दो क्योकाइ’ या संस्थेने ठेवलेले असते. प्रवाशाच्या उशाशी धर्मवचन असावे ही कल्पना मोठी हृद्य आहे. परंतु ती रात्री दोन वाजता निद्रानाशात पाने चाळताना मनात येते ते असे, की या घरात आपल्याशी बोललेला एवढाच. खाली गणवेशातील मुलीने नाव विचारले, परदेशी प्रवाशाच्या पासपोर्टाची नक्कल घेतली, किल्ली दिली, लवून नमस्कार केला. पुष्कळ ठिकाणी आता तीही नाही. यंत्रच पैसे घेते आणि यंत्रच किल्ली देते. शेजारच्या खोलीत कोणी खोकतो ते ऐकू येते. तो कोण, हे सकाळीही कळत नाही. पाय धुणारी म्हातारी गेली. तिचे घंगाळ मात्र शिल्लक राहिले, आणि ते आता कारखान्यात तयार होते.

ही रचना तिच्या तर्कशुद्ध शेवटापर्यंत नेली ती कॅप्सूल हॉटेलाने. वास्तुकार किशो कुरोकावा (१९३४-२००७) हा १९६० साली पुढे आलेल्या ‘मेटाबोलिझम’ या वास्तुपंथाचा एक तरुण प्रवर्तक. इमारतीने सजीव देहाप्रमाणे आपल्या पेशी बदलीत राहावे, असा या पंथाचा सिद्धान्त. १९६९ मध्ये कुरोकावाने कॅप्सूलचा जाहीरनामाच प्रसिद्ध केला. उद्याचा मनुष्य जमिनीस खिळलेला नसून सतत फिरता असेल, आणि कॅप्सूल हे त्या फिरत्या माणसाचे घर होईल, असे त्याचे भाकीत होते. १९७२ साली टोकियोत उभ्या राहिलेल्या त्याच्या नाकागिन मनोऱ्यात दोन काँक्रीटच्या गाभ्यांभोवती १४० कॅप्सूल बोल्टांनी जखडलेले होते. सुमारे पंचवीस वर्षांनी जुने काढावयाचे आणि नवे बसवावयाचे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात एकही बदलला गेला नाही, आणि २०२२ साली तो मनोरा उतरविण्यात आला. पेशी बदलणारा देह म्हणून ज्याची स्तुती झाली, तो एकदाही पेशी न बदलता निवर्तला.

याच कुरोकावाच्या आराखड्यावरून १९७९ मध्ये ओसाकातील उमेदा विभागात पहिले कॅप्सूल हॉटेल निघाले. बूट दारातील कप्प्यात, सामान दुसऱ्या कप्प्यात, आणि आपण तिसऱ्या कप्प्यात. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच अशा या कोनाड्यात दिवा, गजराचे घड्याळ, छोटा दूरदर्शन संच, वाऱ्याची सोय आणि स्वच्छ गादी. कोनाडे एकावर एक अशा दोन ओळींत रचलेले. स्नान सामायिक हौदात, तेही आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतल्यानंतर. कायद्याच्या दृष्टीने हा कोनाडा म्हणजे खोली नव्हे, मोठ्या दालनातील शय्या होय. म्हणून त्यास कुलूपबंद दार नसते, पडदा असतो. रात्री शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांनी प्रथम ह्या हॉटेलांस आश्रय दिला. कित्येक वर्षे ती बहुतांशी पुरुषांपुरतीच होती. अलीकडे स्त्रियांसाठी वेगळे मजले झाले आहेत.

कॅप्सूलला शवपेटी म्हणून हिणविण्याची पाश्चात्त्य लेखकांत रूढी पडली आहे. प्रस्तुत लेखकास ती उपमा उथळ वाटते. आत शिरून पडदा ओढल्यावर भीती वाटत नाही, उलट लहानपणी गाद्यांच्या ढिगामागे दडून बसताना वाटे तसा एक सुरक्षितपणा वाटतो. दोष जागेच्या मापात नाही. दोष असा की एका दालनात पन्नास माणसे निजलेली असूनही हे दालन वसलेले वाटत नाही. आपल्या धर्मशाळेच्या ओसरीवरही पन्नास माणसे निजतात. तेथे घोरणे, रडणारे मूल, पहाटेचा अभंग, चंचीची देवाणघेवाण असा मोठा उपद्रव असतो, परंतु सकाळी निदान चौघांची गावे ठाऊक झालेली असतात. कुरोकावाने फिरत्या माणसाचे स्वातंत्र्य मापून पाहिले. त्याचे एकटेपण मात्र त्याच्या फुटपट्टीवर आले नाही.

ह्या एकटेपणाचे दुसरे टोक अधिक कठोर आहे. ‘यादो’ म्हणजे निवास. हा शब्द उलटा केला की ‘दोया’ होतो. टोकियोतील सान्या, ओसाकातील कामागासाकी, योकोहामातील कोतोबुकी या वस्त्यांतून रोजंदारीच्या मजुरांसाठी जी तीन चटयांएवढ्या खोल्यांची लॉजे निघाली, त्यांना हे उलटे नाव पडले. जणू ह्या घरास निवास म्हणवत नाही, म्हणून शब्दच पालथा घातला. युद्धोत्तर टोकियोचे रस्ते आणि मनोरे ज्यांनी बांधले, ते येथे निजत. १९६६ साली पत्त्यांची फेररचना झाली तेव्हा सान्या हे नावच नकाशावरून नाहीसे झाले. पुढे मजूर म्हातारे झाले, काम आटले, आणि २००२ च्या विश्वचषक फुटबॉल सामन्यांच्या सुमारास त्याच लॉजांतून पाठीवर पिशवी टाकलेले परदेशी तरुण उतरू लागले. तरुणास जी खोली दोन रात्रींची गंमत वाटते, ती शेजारच्या वृद्धाचे आयुष्य असते. रात्रभर उघड्या असणाऱ्या संगणक-केंद्रांतील कोनाड्यांत राहणाऱ्या बेघरांची संख्या २००७ च्या सरकारी पाहणीत सुमारे ५,४०० धरली गेली, हेही येथे आठवावे. स्वस्त निवासाची परीक्षा करताना ‘किती स्वस्त?’ एवढे विचारून भागत नाही. ज्यास सकाळी तेथून निघून जाता येते, त्याच्याच दृष्टीने ती खोली सुंदर असते.

तिसरा प्रश्न राहिला, काय विचारले? आणि आपल्या वाचकांस तो सर्वांत जवळचा आहे.

आपल्या अग्रशाळेच्या दारात पाऊल ठेवताच प्रश्न येतो : ‘आपण कुठले? कोणाचे?’ ह्या प्रश्नाची गोडी नाकारण्यात अर्थ नाही. दूरच्या इंदूर-बडोद्याहून कुलदेवतेच्या दर्शनास आलेल्या कुळाव्याला ‘तुमच्या आजोबांना मी ओळखत होतो’ हे शब्द ऐकून जे वाटते, ते कोणत्याही हॉटेलात विकत मिळत नाही. परंतु हाच प्रश्न चाळणीही असतो. ज्याच्या उत्तरातून ओळख निघते त्याला खोली निघते, आणि ज्याच्या उत्तरातून निघत नाही त्याला कधी कधी ‘आज जागा नाही’ असे उत्तर मिळते. जपानच्या हॉटेलात मला कोणी ‘कोणाचे?’ म्हणून विचारले नाही. आणि खरे सांगावयाचे तर पहिल्या दोन दिवसांत मला त्यात मोठी मोकळीक वाटली. एकटी स्त्री, विजोड जोडपे, परका, पडेल चेहऱ्याचा कोणी, सर्वांस पाटीवरचा दर एकच.

तथापि न विचारणे म्हणजेच समभाव, असे समजण्याची घाई करू नये. जपानमध्ये १९४८ च्या निवासव्यवसाय कायद्याने ठराविक कारणांखेरीज प्रवाशास जागा नाकारता येत नाही. असे असूनही २००३ साली कुमामोतो प्रांतातील एका हॉटेलाने कुष्ठरोगातून बरे झालेल्या वृद्धांना, ते आरोग्यनिवासातून येणार असे कळताच, प्रवेश नाकारला. सरकारने कायदाभंगाचा ठपका ठेवला, देशभर क्षोभ झाला, पुढील वर्षी ते हॉटेल बंद झाले. पाटीवर दर सर्वांस सारखा असतो. पाटीमागे मात्र माणूसच असतो, आणि त्याच्या मनातील चाळणी कायद्याने एकदम फाटत नाही.

मग चाळणीवाचून ऊब, अशी जागा जगात नाहीच की काय? जपानी साहित्यानेही हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसतो. बाशो या कवीने १६८९ मध्ये उत्तरेकडे केलेल्या पदयात्रेचे वृत्तान्तकाव्य त्याच्या मृत्यूनंतर १७०२ साली प्रसिद्ध झाले. त्यात इचिबुरी गावच्या सरायीचा एक प्रसंग आहे. पलीकडील खोलीत दोन गणिका उतरल्या असून त्या इसे क्षेत्राच्या यात्रेस निघाल्या आहेत. त्यांचे दुःख कवीस भिंतीआडून ऐकू येते. सकाळी त्या वाटेत सोबतीची याचना करतात, कवी नकार देतो, आणि तो नकार त्याच्या मनाला लागून राहतो. गंमत अशी की त्याचा सहप्रवासी सोरा याने रोजची दैनंदिनी लिहिली, तीत ह्या भेटीचा मागमूस नाही. म्हणून हा प्रसंग कल्पित असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कल्पित असेल तर तो अधिकच अर्थपूर्ण होय. ज्या भिंतीतून दुसऱ्याचे दुःख ऐकू येते, तीच भिंत त्याला सोबत देण्याच्या आड येते, हे सांगण्यासाठी बाशोला सरायीवाचून दुसरी जागा सापडली नसती. आजच्या हॉटेलाच्या भिंतीही पातळच आहेत. फक्त आता पलीकडचे कोणी सकाळी दारात येऊन विचारीत नाही, म्हणून नकार देण्याची व त्याबद्दल खंत वाटण्याची वेळच येत नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकास मिळाले ते शिकोकूत, आणि तेही अंशतःच. तत्पूर्वी कोयासानबद्दल दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कुकाइ ऊर्फ कोबो दाइशी याने ८१६ साली स्थापिलेल्या या क्षेत्री आज सुमारे पन्नास मठांत प्रवाशांची सोय होते. ह्या मठनिवासास ‘शुकुबो’ म्हणतात. पहाटे चालणारा ‘गोमा’ विधी पाहताना आपल्यास परकेपणा वाटत नाही, कारण तो नावासकट आपला होमच होय. आणि थडग्यांवरील बीजाक्षरे सिद्धम् लिपीतील संस्कृत आहेत. भोजन मत्स्यमांसविरहित, कांदा-लसूणही वर्ज्य. परंतु अल्पमोली म्हणून आता शुकुबोची शिफारस करवत नाही. माणशी दहा-पंधरा हजार येन, कित्येक ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक, असा दर पडतो. म्हणजे स्थानकाजवळचे साधे हॉटेल मठाहून स्वस्त. २०२४ साली सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी लोक जपानला येऊन गेले. त्या गर्दीत मठांनी आपले छप्पर शाकारण्यासाठी दर वाढविले तर त्यांस दोष देणे कठीण आहे. तरीही ज्या मठात भिक्षू ताट आणून ठेवतो तेथे ताटापूर्वी दरपत्रक आलेले असते, ही बोच उरतेच.

शिकोकूची गोष्ट वेगळी. कोबो दाइशीच्या नावाने चालणारी अठ्ठ्याऐंशी देवालयांची ही परिक्रमा सुमारे बाराशे किलोमीटरांची आहे. यात्रेकरूस ‘हेन्रो’ म्हणतात. त्याच्या हाती जी काठी असते ती म्हणजे प्रत्यक्ष दाइशी, अशी श्रद्धा. आणि त्याच्या टोपीवर ‘दोघे मिळून चाललो आहोत’ अशा अर्थाची अक्षरे असतात. गावकरी त्याला फळ, चहा, नाणे असे काहीतरी पुढे करतात, हे ‘ओसेत्ताइ’. आणि काही गृहस्थ आपल्या घरातील किंवा अंगणातील एखादी खोली पुण्यार्थ उघडी ठेवतात; ही ‘झेन्कोन-यादो’, म्हणजे सत्कर्माची वसती. अशा एका खोलीत मी रात्र काढली. कौलारू पडवी, चार चटया, धुतलेले पण विटलेले पांघरूण, कोपऱ्यात पाण्याचा नळ. बिझनेस हॉटेलातील चकचकीत न्हाणीघर तेथे नव्हते. म्हाताऱ्या यजमानाने खुणेनेच प्रथम काठी मागितली, तिचे टोक धुऊन पुसले आणि ती मानाच्या जागी उभी केली. मग मला पाणी दिले. मी कुठला, हे त्याने दुसऱ्या दिवशी निघताना विचारले.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटला. आधी धुणे, मग पाणी, मग निजणे, आणि नाव-गाव शेवटी, तेही कुतूहल म्हणून. अट म्हणून नव्हे. हिरोशिगेच्या चित्रातील म्हातारी येथे पुन्हा भेटली, आणि तिच्यासोबत गळा आवळणारी तरुणी नव्हती. अर्थात ह्या व्यवस्थेचेही फार गोडवे गाऊ नयेत. अशी घरे थोडी आहेत, यजमान वृद्ध आहेत, आणि फुकटचा गैरफायदा घेणारे प्रवासी तेथेही येतात. सत्कर्माच्या खोल्यांवर कोट्यवधी प्रवाशांची सोय होणार नाही. ती स्थानकासमोरचे हॉटेलच करील.

एहिमे प्रांतातील ओझू गावी एक पूल आहे. नाव ‘तोयोगाहाशी’, दहा रात्रींचा पूल. दंतकथा अशी की दाइशी फिरत असता त्या गावी त्याला कोणी रात्रीपुरता आसरा दिला नाही. तो पुलाखाली निजला, आणि थंडी-भुकेने ती एक रात्र त्याला दहा रात्रींएवढी वाटली. आजही हेन्रो कोणत्याही पुलावरून जाताना काठी टेकीत नाहीत, न जाणो खाली दाइशी निजला असेल. त्या पुलाखाली त्याची पहुडलेली दगडी मूर्ती आहे, आणि भाविकांनी तिच्यावर खरीखुरी पांघरुणे घातली आहेत. ज्या गावाने जागा नाकारली तेच गाव शतकानुशतके त्या नकाराची आठवण जपीत बसले आहे. आतिथ्याचा धर्म ह्याहून थोडक्यात सांगता येईलसे वाटत नाही.

आपल्याकडे देवस्थानांतून जुन्या अग्रशाळा पाडून वा वाढवून नवे भक्तनिवास उभे राहत आहेत, आणि त्यांच्यापुढे नमुना असतो तो शहरी हॉटेलाचा. नमुना घ्यावयाचाच, तर जपानच्या स्वस्त हॉटेलापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे. खोली लहान असली तरी चालेल, पण जे देऊ केले ते पुरते द्यावे. न्हाणीघर कोरडे व निर्मळ असावे. दर पाटीवर असावा आणि तो कुळाव्यास व परक्यास एकच असावा. परंतु यंत्राने किल्ली देण्याच्या दिवसापर्यंत जाऊन पोहोचण्याची आपल्याला काही घाई नाही. दारात कोणीतरी असावे. त्याने आधी पाणी पुढे करावे, खोली उघडून द्यावी, आणि ‘आपण कोणाचे?’ हे मागाहून, पंगतीत, भात वाढता वाढता विचारावे.